सूर्यास्ताला मंजुरी

"हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार न्हाय," पारिसा आज्जानं छाती फुगवून जाहीर केलं, "पण मी ज्या कंपनीत होतो, त्या कंपनीनं एकदा सूर्य थांबवलता."

निपाणीतल्या त्या कट्ट्यावर ऐकणारी दोनच माणसं होती. एक त्याची नात ब्राह्मी, दुसरा शेजारचा गुंडू. जैनाचं घर, म्हणून दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली. ब्राह्मीच्या हातात मोबाइल होता. बेंगळूरच्या एका बड्या कंपनीत तिला नोकरी लागली होती आणि येते की नाही ते सात वाजायच्या आत कळवायचं होतं. आजी गेल्यापासून घरात दोघंच. ब्राह्मी गेली की आज्जाच्या गोष्टी ऐकायला भिंती तेवढ्या उरणार, आणि भिंती काही हुंकार देत नाहीत.

आज्जा तरुणपणी आठ महिने बेंगळूरला होता, एवढं खरं. सांगता सांगता त्या आठ महिन्यांची अकरा वर्षं झाली होती.

"कंपनी म्हंजे राजवाडा बघ," तो म्हणाला. "पगार एक तारखेला, दवाखाना फुकट, दारात एसी बस. तुझ्या आजीचं ऑपरेशन कंपनीनंच केलं. खोटं कशाला बोलू?"

"मग वाईट काय त्यात, आप्पा?" गुंडूनं विचारलं.

"हेच वाईट! एवढं मिळतंय म्हणून माणूस सुटत न्हाय. बारा मजले, आणि खिडकी एकबी न्हाय. भाईर ऊन हाय का पाऊस, अकरा वर्षं कळलं न्हाय मला. शेजारच्या खुर्चीवरचा आण्णाप्पा नोकरी सोडून गेला, ते आमाला चार महिन्यांनी कळलं. तवर खुर्चीवर राहिलेल्या त्याच्या कोटाला प्रमोशन मिळालतं."

गुंडू मांडीवर थापा मारत हसला. ब्राह्मी हसली नाही. तिचा अंगठा मोबाइलवर घुटमळत होता. सात वाजायला वीस मिनिटं. साध्या थापेनं भागणार नाही, हे आज्जानं ओळखलं.

"आता सूर्याचं ऐक. दिवस बुडायच्या आत जेवायला मला पंधरा मिनिटं पायजे होती. साहेब म्हणाला, अर्ज कर. अर्ज त्याच्या साहेबाकडं गेला, तिथनं मुंबईला, सिंगापूरला, शेवटी अमेरिकेला. तिथं कमिटी बसली. तीन महिन्यांनी उत्तर आलं की, कामाच्या सोयीसाठी आपला सूर्यास्त रात्री नऊ वाजता ठेवण्यात येत आहे."

"तीन महिने उपाशी?" गुंडूनं डोळे विस्फारले.

"दुपारी दोनदा जेवायचो की."

"आणि सूर्य?" ब्राह्मीनं पहिल्यांदाच मान वर केली.

आज्जाच्या अंगात बळ आलं. तो कट्ट्यावरून उठून उभाच राहिला.

"त्यालाबी मेल गेला असणार! पावणेनऊला डबा उघडून बसलो, आणि ह्या डोळ्यांनी बघितलं गं पोरी. समोर लालभडक गोळा, बुडता बुडता थांबलेला. कारकुनानं सुट्टी मागायला साहेबाच्या दारात उभं ऱ्हावं, तसा. माझी शेवटची भाकरी संपली, मी हात धुतले, तवा कुठं बिचारा खाली गेला. जिथं सूर्याचं काय चाललं न्हाय, तिथं तुझं काय चालणार?"

गुंडूनं दोन्ही हात जोडले. खरा सूर्य तंबाखूच्या वखारीमागं कुणालाही न विचारता उतरत होता. आज्जानं हळूच नातीकडं पाहिलं. तिचा अंगठा मोबाइलवरून उचललेला. जिंकलो, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात ब्राह्मीनं बटण दाबलं.

"काय कळवलंस गं?" आज्जाचा आवाज एकदम बारीक झाला.

"येते म्हणून." तिनं मोबाइल बाजूला ठेवला आणि त्याच्याकडं रोखून पाहिलं. "पण आज्जा, बारा मजल्यांत खिडकी एकबी न्हवती म्हणालासा न्हवं? मग सूर्य कुठनं बघितलासा?"