चष्मेवाल्याचे डोळे

भावनगरला खारगेटच्या बाजूला नवनीतभाई कपासींचं चष्म्याचं दुकान, आणि दोन दुकानं सोडून डॉक्टर मौलेश बूच यांचं डोळ्यांचं हॉस्पिटल. डॉक्टरांनी मोतीबिंदू काढायचा आणि नवनीतभाईंनी त्यावर चष्मा चढवायचा, असं दोघांचं वर्षानुवर्षं छान जमलेलं होतं. मग डॉक्टरांकडे मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायची एक भारी लेन्स आली. साधी बसवली तर लांबचं स्वच्छ दिसायचं, वाचायला मात्र चष्मा लागायचा. भारी बसवली की लांबचं, जवळचं, सगळं बिनचष्म्याचं. हा 'बिनचष्म्याचं' शब्द ऐकला की नवनीतभाई मनातल्या मनात एक गिऱ्हाईक वजा करायचे.

लोक हॉस्पिटलातून निघून थेट त्यांच्याकडे सल्ला मागायला येत. नवनीतभाई शांतपणे म्हणत, "बसवा की. डोळे तुमचे, पैसे तुमचे. फक्त रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. समोरून गाडी आली की तोंडावर सूर्य उगवल्यासारखं होतं, एवढंच."

हे त्यांना एका फ्रेम विकणाऱ्या एजंटाने कधीतरी सांगितलं होतं. त्यात खरं किती, हे शोधायच्या भानगडीत ते पडले नव्हते. सूर्य तर त्यांनी पदरचा घातला होता.

उर्मिलाबेन ओझांचं असंच झालं. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, भारी लेन्सचं नक्की करून आल्या होत्या. नवनीतभाईंचा सूर्य ऐकून त्यांनी साधी बसवून घेतली आणि वाचायचा चष्मा, साखळीसकट, त्यांच्याचकडून घेतला.

पुढे नवनीतभाईंनाच धूसर दिसायला लागलं. एकाचा चष्मा दुसऱ्याला दिला, तेव्हा डॉक्टरांकडे जाणं भाग पडलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले आणि म्हणाले, "मोतीबिंदू झालाय. तुम्हाला साधीच बसवायची ना? गावाला तुम्हीच तर समजावत असता."

"बघू, घरी विचारतो," नवनीतभाई पुटपुटले.

घरी विचारण्यासारखं काही नव्हतं. शाळेत असल्यापासून त्यांच्या नाकावर चष्मा होता. पोरं 'ढापण्या' म्हणून हाका मारायची. लग्नाच्या फोटोतसुद्धा काचा चमकल्याने त्यांचे डोळे आलेच नव्हते. सकाळी जाग आली की आधी उशाशी हात चाचपायचा, मग जग दिसायचं. जन्मभर चष्मे विकणाऱ्या या माणसाला एकदा तरी चष्म्याशिवाय जागं व्हायचं होतं.

बायकोच्या भावाकडे जायचं निमित्त करून ते बडोद्याला गेले आणि तिथल्या एका हॉस्पिटलात दोन्ही डोळ्यांत भारी लेन्स बसवून आले. दुसरा डोळा झाल्यावर एका सकाळी पडल्या पडल्या त्यांनी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, मग हातातल्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली, आणि बाटली फिरवून मागचीही वाचली.

पण चष्म्याच्या दुकानात उघड्या नाकाने कसं बसायचं? त्यांनी एक जाड फ्रेम निवडली, तिला बिननंबरच्या काचा लावल्या आणि गादीवर बसले. कुणाला शंका आली नाही. गोम निघाली ती संध्याकाळी. स्कूटर काढून घराकडे वळले आणि पाहतात तो प्रत्येक दिव्याभोवती कडं.

"रसिला, कडी दिसतात गं," त्यांनी घरी आल्या आल्या बायकोला सांगितलं.

"कसली?"

"मी लोकांना सांगायचो ना, ती."

रसिलाबेन ताटात खिचडी वाढत होत्या. हसता हसता त्यांना पळी खाली ठेवावी लागली. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही खरंच बोलत होतात. माहीत तेवढं नव्हतं."

महिनाभराने उर्मिलाबेन आल्या. त्यांच्या फ्रेमचा स्क्रू ढिला झाला होता. नवनीतभाईंनी सवयीने स्वतःचा चष्मा कपाळावर सरकवला, त्यांची फ्रेम डोळ्यांजवळ धरली आणि दांडीवरचा मुंगीएवढा आकडा घडाघडा वाचून दाखवला. उर्मिलाबेनचा जन्म परीक्षेतल्या कॉप्या पकडण्यात गेलेला. त्यांनी हात पुढे केला.

"तुमचा चष्मा द्या बघू."

त्यांनी तो लावून पाहिला, काढला, पुन्हा लावला. "नवनीतभाई, यात नंबरच नाही."

नवनीतभाई घाईघाईने म्हणाले, "उर्मिलाबेन, देवाशपथ सांगतो, कडी दिसतात."

"दिसत असतील. पण चष्म्याशिवाय दिसतात ना?" म्हणाल्या, आणि स्क्रू तसाच ढिला घेऊन निघून गेल्या.

दोन दिवसांत बाजारभर झालं. ज्याला त्याला कळलं की चष्मेवाल्याने स्वतःला भारी लेन्स बसवली. मग काय, लोक डॉक्टरांकडे जाऊन 'कपासींची लेन्स' मागायला लागले. दिवाळीत डॉक्टरांकडून नवनीतभाईंकडे काजूकतलीचा चांगला मोठा डबा आला. रसिलाबेननी तो शेजारीपाजारी वाटून टाकला, कारण नवनीतभाईंच्या घशाखाली उतरेना.

त्याच सुमारास लग्झरी बसचा ड्रायव्हर भरत गोहिल दुकानात आला. त्याच्या डोळ्यातही मोतीबिंदू होता.

नवनीतभाईंनी त्याला समोर बसवलं आणि कळकळीने सांगितलं, "भरत, तुझं काम रात्रीचं, मुंबईच्या रस्त्यावरचं. तू साधी बसव. मला स्कूटरवर त्रास होतो, तुझ्या मागे तर पन्नास माणसं बसलेली असतात."

भरत समजूतदारपणे हसला. "काका, आम्हाला साधी आणि स्वतःला भारी. धंदा सगळ्यांनाच आहे."

तो उठून सरळ हॉस्पिटलात गेला. डॉक्टरांनीही त्याला तेच सांगितलं की रात्रीच्या ड्रायव्हरला भारी लेन्स बसवणार नाही. साधी बसवली.

ऑपरेशननंतर भरत वाचायचा चष्मा करायला परत आला. चांगला खुशीत होता. "डॉक्टर देवमाणूस बघा, काका. स्वतःचं नुकसान करून खरं सांगितलं. तुम्हीही हेच म्हणाला असतात तर?"

"मी हेच म्हणालो होतो, भरत."

"हो, पण ते तुम्ही," भरत म्हणाला आणि आरशात फ्रेम बघू लागला. "यातली हलकी दाखवा की."

नवनीतभाईंनी खालचा खण ओढला आणि सगळ्यात हलकी फ्रेम काढून त्याच्या हातात दिली.