आभाळ्याच्या कपाळावरची हळद

आतल्या खोलीत पेटीची कडी वाजली. अगदी बारीक, कोणी बोटांत धरून हळूच सोडावी तशी.

दुपार होती. मी सुपात तुरी पाखडत होते. सूप थांबवलं. आत सासूबाई होत्या आणि त्यांच्याजवळ माझी पाच वर्षांची विशाखा. पेटीत होतं काय? दोन लुगडी, ह्यांचा विहारात जायचा पांढरा सदरा आणि ह्यांची ती चित्रांची वही. लुगडं काढायचं तर कडी अशी चोरून कशाला काढायची? मी उठले नाही, कान तेवढे तिकडे लावले. पुटपुटणं ऐकू आलं. मग कडी पुन्हा लागली.

"काय शोधत होत्या, आत्याबाई?" त्या बाहेर आल्यावर मी विचारलं.

"काही नाही वं. झुरळं झाले पेटीत." त्यांनी लुगड्याला बोटं पुसली.

झुरळं झाली असती तर मला दिसली नसती का? पण मी पुन्हा सूप उचललं. माझा दीर सात महिन्यांपूर्वी राजूरच्या कोळशाच्या खाणीत कामाला गेला होता आणि त्याचं एकही पत्र नव्हतं. तेव्हापासून सासूबाईंना काही विचारलं की त्या रडायच्या, नाहीतर भांडायच्या.

हे घाटंजीच्या कापसाच्या जिनात गाठींवर नंबर मारायचे. कापसाची दाबलेली गाठ आली की पत्र्याचा साचा तिच्यावर ठेवायचा आणि शाईचा बोळा फिरवायचा. दिवसभर तेच. जेवायला बसले तरी बोटं काळीच. जिनातल्या साहेबाच्या मुलाकडे ह्यांनी एकदा रंगीत चित्रांची इंग्रजी वही पाहिली. तिच्यात पाठीला कापड बांधलेला एक माणूस उडत होता, आणि प्रत्येकाचं बोलणं त्याच्या तोंडाजवळच्या फुग्यात लिहिलेलं होतं. त्या दिवशी घरी आले ते हात न धुताच मला म्हणाले, "नलू, हा माणूस शंभर वर्षं आधी आपल्या गावात आला असता तं?"

त्या 'तं'वर त्यांनी अख्खी वही भरली. त्यांच्या माणसाचं नाव आभाळ्या. पाठीवर गाठीचं बारदान, छातीवर साच्याने मारलेला नंबर. आठ गाठी एका हातावर उचलायचा, नदी एका उडीत ओलांडायचा. आमच्या लोकांनी पाणी भरू नये म्हणून गावच्या विहिरीवर पहारा बसला, तेव्हा त्याने पहारेकऱ्यांसकट विहिरीचा कठडा उचलला आणि आमच्या वस्तीच्या मधोमध आणून ठेवला. मी हसले होते. कठडा आणला म्हणजे पाणी येतं का? तर हे म्हणाले, "आभाळ्या हाय तो. पानी मागं-मागं येते." शेवटी सगळं गाव त्याचं देऊळ बांधायला निघतं, पुजारी हार घेऊन पुढे होतो. आभाळ्या म्हणतो, 'मले देऊळ नको. विहिरीवर दोर ठेवा.' आणि उडून जातो. मला ते पान फार आवडायचं.

वही वस्तीत फिरली. मुलांनी पाहिली, मग मुलांच्या बापांनी. कोणीतरी तिची गोष्ट नागोरावांच्या कानावर घातली.

नागोराव आमच्या विहाराच्या कमिटीचे मुख्य. मंगळवारी जिनाचा भोंगा झाला आणि हे घरी आले ते त्यांना सोबत घेऊनच. जयभीम झाला. मी पाणी दिलं. त्यांनी न पिताच तांब्या बाजूला ठेवला.

"गोविंदा, ते वही आन बरं."

ह्यांनी आनंदाने आणली. त्यांना वाटलं, कौतुक होणार.

नागोरावांनी चष्मा लावला. एकेक पान बोटाला थुंकी लावून उलटलं. वाचताना त्यांचे ओठ हलत होते.

"म्हंजे तुह्या या गोष्टीत विहीर शंभर वर्षं आधीच मोकळी झाली?"

"हो."

"मंग पुढं दीक्षा?"

"त्यात दीक्षा नाही, दादा. म्हंजे, गरजच नाही पडली. कोनाले काही सोडाच लागलं नाही."

"गरज नाही पडली." नागोरावांनी वही मांडीवर ठेवली. "मी छप्पन साली नागपूरले गेलतो, खांद्यावर भाकरी बांधून. आल्यावर वस्तीतल्या घराघरातले देव टोपल्यात भरून नदीत नेले म्या. माह्या मायनं तीन दिवस अन्न नाही घेतलं. आन तू लेका लिहून राह्यला, गरज नाही पडली?"

"कल्पना हाय ते, दादा. तसं झालं असतं तं, एवढंच."

"तसं झालं नाही! नाही झालं म्हनून तं आपन इथं हावो!"

नागोराव वाईट माणूस नव्हते. ह्यांना विहारात ग्रंथ वाचायला त्यांनीच बसवलं होतं. दर रविवारी पांढरा सदरा घालून हे वाचायचे तेव्हा म्हातारे पुढे सरकून बसायचे. दिवसभर नंबर मारणाऱ्या माणसाला त्या एका तासात आपलं नाव असल्यासारखं वाटायचं. ते मला माहीत होतं. म्हणून माझं लक्ष नागोरावांच्या हाताकडे होतं. तो हात शेवटच्या पानावर थांबला.

"हे काय?"

त्यांनी वही उजेडाकडे धरली. आभाळ्याच्या कपाळावर पिवळा ठिपका होता. त्यांनी मागची पानं पाहिली. जिथे आभाळ्या तिथे ठिपका.

"हळद," नागोराव म्हणाले.

"सैपाकाचा हात लागला असन कोनाचा," हे घाईने म्हणाले.

"हात लागला असता तं कुठंबी लागला असता. बराबर कपायावरच कसा लागते, गोविंदा? आन सगळ्या पानाईवर?" त्यांचा आवाज खाली आला होता आणि त्यानेच जास्त भीती वाटत होती. "देव दरवाज्यातून काढले तं खिडकीतून येऊन राह्यले. कोन पुजते घरात? सांगा. नाहीतं पौर्णिमेले विहारात सगळ्या बायाईसमोर उभं करून पुसावं लागन."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी दाराकडे पाहिलं. सासूबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. लुगड्याचा पदर मुठीत इतका आवळलेला, की बोटं दिसत नव्हती. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या पानावर आभाळ्या देऊळ नको म्हणतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बायांसमोर उभं केलं असतं, तर त्या पुन्हा विहाराची पायरी चढल्या नसत्या.

"म्या लावली," मी म्हटलं.

"तू, सूनबाई? चौथी शिकलेली तू?"

"हो."

"कायले?"

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजले.

नागोरावांनी वही मिटली आणि ह्यांच्या हातात दिली, माझ्या नाही. "तुमच्याच हातानं चुलीत घाला. घरची गोष्ट घरात राह्यन, मी कोनापाशी बोलनार नाही. पन गोविंदा, तीन पौर्णिमा होईपर्यंत तू रविवारचं वाचाले बसू नको. मले लोकाईले तोंड द्यावं लागते." उठताना ते बाजूला ठेवलेला तांब्या उचलून पाणी प्यायले.

ते गेले. मला वाटत होतं, ओरडावं ह्यांनी, म्हणावं की तू असं काहून केलं. म्हणजे मी हळूच सांगितलं असतं. पण हे चुलीपुढे बसले आणि पानं फाडू लागले. एकेक. मी पीठ मळलं, कारण भाकरीची वेळ झाली होती आणि चूल पेटलेलीच होती. तव्याखाली आभाळ्या जळत होता. छातीवरचा नंबर जिनातल्या घट्ट शाईचा, म्हणून तो शेवटपर्यंत दिसत राहायचा.

"तूच वाचाची ना मले ते," एकदाच ते म्हणाले. "देऊळ नको, म्हने. तूच हसाची." माझ्याकडे न पाहता.

सासूबाई ताटावर बसल्या, पण भाकरीला हात लावला नाही. एकदा तोंड उघडलं त्यांनी. मी मान हलवली. त्यांनी मिटलं.

विशाखा ताट सोडून चुलीजवळ आली. राखेतल्या पानाकडे वाकून पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ह्यांच्या हातात शेवटचं पान होतं.

"आई," ती म्हणाली, "मंग काका कधी येते, हे आजीनं आता कोनाले पुसाचं?"