एका ओहोटीत बांधलेला बांध

काकू एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मुख्य होत्या. सहाशे रोग्यांचं पथ्याचं आणि बिनपथ्याचं रांधायची त्यांना बावीस वर्षांची सवय. वादळ किनाऱ्यावर आदळलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी त्या पंधरा दिवसांची रजा टाकून मदतपथकाबरोबर निघाल्या. पंधराचे पन्नास दिवस कधी झाले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

समुद्राला लागून तीन गावं होती. गावं आणि समुद्र यांच्यामध्ये मातीचा एक लांबलचक बांध, आणि बांधाच्या आतल्या अंगाला शेतं. वादळानं घरांवरची छपरं नेली, झाडं आडवी केली, आणि जाताजाता बांधालाही भलंमोठं भगदाड पाडलं. छपरांचं काहीतरी होतं, ताडपत्री येते, पत्रे येतात. भगदाडाचं तसं नव्हतं. दिवसातून दोनदा भरतीचं खारं पाणी त्यातून आत शिरायचं, शेतभर पसरायचं आणि ओहोटीला परत जायचं, जणू समुद्रानं शेतांकडे जायला-यायला दारच करून घेतलं होतं. ऊन पडलं की पाणी सरलेल्या जमिनीवर मिठाचा पांढरा थर चमकायचा.

अर्धं छप्पर उडालेल्या शाळेच्या व्हरांड्यात काकूंनी विटांच्या सहा चुली मांडल्या होत्या. दोन्ही वेळचं मिळून अकराशे माणसांचं जेवण त्यावर व्हायचं. पथकाचा प्रमुख धंद्यानं जमीन मोजणारा. सडपातळ, कमी बोलणारा माणूस, सगळे त्याला मोजणीदार म्हणत. त्यानं एका सकाळी सांगितलं की साठाव्या दिवशी स्वयंपाकघर बंद करायचं ठरलंय, कारण जन्मभर काही आपण इथं वाढत बसणार नाही. काकूंनी डाव खाली ठेवला.

"आणि मग ही माणसं काय खाणार? वारा?"

बांध बुजवायला यंत्र येणार होतं, पण वाटेवरच्या चिखलाला त्याचं ओझं पेलेना. पावसाळा संपल्यावर बघू, असा निरोप आला होता. पावसाळा संपेपर्यंत समुद्र शेतात येत राहिला तर पुढची कितीतरी वर्षं तिथं गवताची काडी उगवणार नाही, हे शेतकऱ्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

जेवणाच्या रांगेत एक माणूस नेहमी सगळ्यात शेवटी उभा राहायचा. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा. ताट पुढे करताना तो मान दुसरीकडे वळवायचा. त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बांधाची राखण होती. पाणी सोडायच्या झडपा उघडायच्या, बंद करायच्या, उंदीर-खेकड्यांची बिळं बुजवायची, हे त्यांचं काम. म्हणून त्याला बांधकरी म्हणत. बांध फुटला यात त्याचा काही दोष नाही, असं तिन्ही गावं म्हणायची. तो म्हणायचा नाही.

एका दुपारी ताट धुऊन झाल्यावर तो चुलीपाशी घुटमळला. काकूंना वाटलं, पोट भरलं नसेल. त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं.

"नको, काकू. राग मानू नका, पण एक मागायचंय," तो म्हणाला. "दुपारचं जेवण बंद कराल?"

काकूंच्या हातातलं झाकण हातातच राहिलं. आयुष्यात त्यांना लोकांनी वाढा म्हटलं होतं, आणखी वाढा म्हटलं होतं, कधीकधी मीठ कमी म्हणून नावंही ठेवली होती. वाढू नका असं कुणी म्हटलं नव्हतं.

बांधकरी मग हळूहळू बोलता झाला. लांबची माणसं दहा वाजल्यापासून रांग धरतात. जेवून घरी पोचेपर्यंत दोन-अडीच होतात. तेवढ्यात ओहोटी येऊन जाते. चंद्र अर्धा असतो त्या दिवसांत समुद्राला भांग असते, म्हणजे भरती चढत नाही फार आणि पाण्याला ओढही नसते. उधाणाच्या नेमकं उलट. नऊ दिवसांनी तशी भांग आहे. चारशे माणसं असली तर एका ओहोटीत भगदाड बुजेल. त्याच्या आजोबांनी एकदा बुजवलं होतं.

"माणसं आहेत, काकू. पण ती तुमच्या रांगेत आहेत."

त्याचं बोलणं काकूंना लागलं. चाळीस दिवस धुरात डोळे फोडले ते काय माणसं अडवून ठेवायला? संध्याकाळी त्यांनी घरी फोन लावला आणि नवऱ्यापाशी मन मोकळं केलं. नवरा ऐकून घेणारा माणूस. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "पहिल्या आठवड्यात मी तुला दिवसातून चारदा फोन करायचो. हळद कुठे, गाळणी कुठे. हल्ली करत नाही. तुझ्या लक्षात आलं का?"

काकूंच्या लक्षात आलं नव्हतं. त्या थोडं हसल्या. नंतर मात्र बराच वेळ त्यांना आपलाच राग येत राहिला, कारण गाळणी सापडली याचा आनंद व्हायच्या आधी त्यांना वाईट वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोठीतलं धान्य, डाळ, तेल आळीआळीला वाटून दिलं आणि मोठी पातेलीही देऊन टाकली. स्वतःकडे फक्त संध्याकाळचं जेवण ठेवलं. पहिल्या दिवशी सगळा सावळागोंधळ झाला. दोन आळ्या एका पातेल्यावरून भांडल्या, तिसरीनं भात करपवला. काकूंना तीनदा धावत जावंसं वाटलं, तिन्ही वेळा त्यांनी पदर खोचला आणि परत सोडला. चौथ्या दिवशी कुठल्या आळीत काय शिजतंय हे त्यांना नुसत्या वासावरून कळायला लागलं, आणि तो वास वाईट नव्हता.

दहा वाजता आता बांधावर माणसं दिसू लागली. वादळानं पाडलेल्या झाडांचे खांब तासले गेले, फांद्यांच्या जाड चटया विणल्या गेल्या. मातीला पोती हवी होती. ती निघाली काकूंच्या कोठीतून. रिकामं पोतं फेकायचं नाही, ही त्यांची इस्पितळातली खोड, त्यामुळे दीड महिन्याची पोती घडी घालून छताला भिडली होती. गावातल्या एका विधवेनं आपलं शिलाई मशीन चिखलातून काढून, पुसून, तेल घालून चालू केलं होतं. फाटकी पोती ती शिवायची. मशीन कुरकुरायचं आणि ती त्याला हट्टी सासऱ्यासारखं समजावत राहायची.

पथकातले स्वयंसेवक या दिवसांत शिकाऊ झाले. कुठली माती घ्यायची, पोतं किती भरायचं, हे बांधकरी सांगायचा आणि ते मुकाट ऐकायचे. मोजणीदारानं भगदाड मोजलं, अडतीस हात भरलं. त्यानं पाण्याची खोली घेतली, कागदावर आकडे मांडले आणि सांगितलं की हिशेबानं याला अकरा दिवस लागतात.

"हिशेब बरोबर असेल, साहेब," बांधकरी म्हणाला. "पण समुद्र अकरा दिवस थांबायचा नाही."

भांगेच्या दिवशी सकाळी काकू चहाची किटली घेऊन बांधावर गेल्या आणि जागच्या जागी थबकल्या. चारशे म्हणता म्हणता साडेसहाशे माणसं आली होती. भगदाडाच्या दोन्ही अंगांना, बांधाच्या माथ्यावर, उतारावर, चिखलात, नजर पोचेल तिथपर्यंत माणसांच्या साखळ्या उभ्या होत्या. एवढी माणसं, आणि आवाज म्हणून नव्हता. सगळे पाण्याकडे बघत होते. भगदाडातून बाहेर जाणारं पाणी मंदावत गेलं, एका जागी वळसे घेऊ लागलं. बांधकऱ्यानं वाकून एक वाळकं पान टाकलं, ते कुठं जातंय ते पाहिलं आणि हात वर केला.

साखळ्या हलल्या. पोतं या हातातून त्या हातात, त्या हातातून पुढच्या. आधीच रोवलेल्या खांबांच्या दोन रांगांमध्ये चटया उतरल्या, चटयांमध्ये पोती पडू लागली. काकूंनी किटली कुणाच्या तरी हाती दिली आणि साखळीत शिरल्या. बावीस वर्षं भाताची पातेली उचललेल्या हातांना पोत्याचं नवल नव्हतं. तासाभरात त्यांना अंगाची शुद्ध राहिली नाही. डावीकडून आलेलं उजवीकडे द्यायचं, एवढंच उरलं. पोत्यांवर त्यांच्याच कोठीचे शिक्के होते. आतून मात्र आता गार, जड माती लागत होती.

दुपारी एकच्या सुमाराला दोन्हीकडून आलेली भिंत चार-पाच हातांवर आली. बुजलंच, असं वाटत होतं. पण तोवर पाणी फिरलं होतं. अडतीस हातांतून येणारा समुद्र आता पाच हातांतून यायला बघत होता. टाकलेलं पोतं तळाला टेकायच्या आत उचललं जाऊन आतल्या शेतात जाऊन पडायचं. दहा पोती गेली, वीस गेली. एक खांब कडकन मोडला. मोजणीदारानं काकूंकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तेव्हा बांधकरी समुद्राच्या बाजूनं पाण्यात उतरला. छातीइतकं पाणी. तो भगदाडात पाठ समुद्राकडे करून उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात बाजूला पसरले. त्याच्या उजव्या हाताला त्याची बायको उतरली. डावीकडे ती शिवणकाम करणारी. मग कुणी कुणाला न सांगता माणसं उतरतच गेली. पाचजणांची एक ओळ, तिच्या मागे दुसरी, तिसरी, चौथी. कोपरात कोपर अडकवून, पायाची बोटं चिखलात रोवून, पाठीवर अख्खा समुद्र घेऊन ती माणसं उभी राहिली.

काकूंना ओरडावंसं वाटलं, बाहेर या म्हणावंसं वाटलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. पाणी थांबलं होतं. पूर्ण नाही, पण पाठींच्या भिंतीपाशी ते अडखळलं, दोन्ही बाजूंना सरकलं, आणि ओळीच्या पुढ्यात, त्यांच्या पोटापाशी, ते जरासं संथ झालं. त्या संथ पाण्यात पहिलं पोतं पडलं आणि पडलं तिथंच राहिलं.

त्यानंतरचा अर्धा तास काकूंना पुढे कधीच नीट सांगता आला नाही. साखळी पळू लागली होती, एवढं त्या सांगायच्या. पोतं हातात यायच्या आधीच हात पुढे व्हायचा. साडेसहाशे माणसांचा श्वास एकदमच आत-बाहेर होत होता आणि तो ऐकू येत होता. आपण कुणाला काही देतोय, असं जे त्यांच्या मनात पन्नास दिवस कुठंतरी होतं, ते केव्हा गळून पडलं हेही त्यांना कळलं नाही. काकू त्या साखळीतला एक हात होत्या. एवढं मोठं काहीतरी त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि त्याच्या आत तर त्या कधीच उभ्या नव्हत्या.

पोती उभ्या असलेल्यांच्या गुडघ्याला आली, कमरेला आली, छातीला आली. मग भिंतीवरून हात खाली गेले आणि एकेकाला वर ओढून घ्यायला लागले, मागच्या ओळी आधी. शिवणकाम करणारी वर आली ती थरथरत होती, ओठ निळे, आणि आल्याआल्या तिनं विचारलं, शिवण उसवली का कुठं. बांधकरी सगळ्यात शेवटी निघाला. त्याला ओढणाऱ्या हातांत काकूंचे हात होते. वर आल्यावर तो बसला नाही. उरलेला दोन हातांचा थर चढेपर्यंत पोती रचत राहिला.

संध्याकाळी भरती पुरी झाली. सगळे बांधावर उभे होते. एका बाजूला समुद्र पोत्यांच्या वरच्या थराला हळूच चाटत होता, आणि दुसऱ्या बाजूला, पुरुषभर खाली, शेतं होती. नुसती शेतं. ओली, पांढरट, ओसाड, पण समुद्राविना. दोन महिन्यांत पहिल्यांदा. कुणी जल्लोष केला नाही. एक म्हातारा खाली उतरून चिखलात चालत गेला, लांबवर गेला, आणि नुसता उभा राहिला. मोजणीदारानं खिशातला आकड्यांचा कागद काढला, वाचला आणि नीट घडी घालून परत ठेवला. हा कागद जपून ठेवणार आहे, असं तो काकूंना म्हणाला.

संध्याकाळचं जेवण त्या दिवशी काकूंनी केलंच नव्हतं, सवडच झाली नव्हती. आळ्यांनी केलं. काकूंना आणि स्वयंसेवकांना पंगतीत बसवून वाढलं. डाळ जरा पातळ होती. काकूंनी ती दोनदा मागून घेतली.

स्वयंपाकघर साठाव्या नव्हे, चोपन्नाव्याच दिवशी बंद झालं. पथकातले चौघे पुढे राहिले, ते शेतांतून चर खणायला. काकूंचा टेम्पो निघाला तेव्हा निरोपाला कुणी नव्हतं. निरोप आदल्या दिवशीच झाला होता, आणि आता ओहोटीची वेळ होती, माणसं नव्या बांधावर मातीचा दुसरा थर थापत होती. काकूंनी ड्रायव्हरला दोन मिनिटं थांबायला सांगितलं. मग म्हणाल्या, चला.

पाऊस लागून महिना झाला असेल. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात ऐन वाढायच्या घाईत त्यांचा फोन वाजला. बांधकरी होता. बोलायला तो अजूनही कमीच. उंचावरच्या शेतांत रोपं लावलीत, म्हणाला, खालच्यांना अजून दोन पावसाळे तरी लागतील. पावसाचं पाणी शेतात कोंडून ठेवायचं, मीठ विरघळू द्यायचं आणि ओहोटीला झडप उघडून सोडून द्यायचं, असं चाललंय. आज सोडलेलं पाणी त्यानं बोटानं चाखून पाहिलं होतं.

"मागच्या वेळेपेक्षा कमी खारट आहे, काकू. थांबा, ऐका."

त्यानं फोन झडपेपाशी धरला असावा. काकूंनी हात वर करून सगळं स्वयंपाकघर गप्प केलं. पोळ्या लाटणाऱ्या थांबल्या, भांडी थांबली. शेतांतून पाणी बाहेर धावत होतं, खळाळत, न थांबता, समुद्राकडे. त्या ऐकत राहिल्या. बाकीच्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, कुणी गेलं की कुणी जन्माला आलं ते त्यांना ठरवता येत नव्हतं.