बादलने लाल गाडी घेतली नाही

मी एक जुनी, पांढरी, सरकत्या दाराची गाडी आहे. पांढरी म्हणजे पूर्वीची, आता मातकट. नेर तालुक्यातल्या एका तांड्यावर कडुनिंबाखाली मी उभी असते. माझ्या टपावर कुरड्या वाळत घालतात, चाकाआड कोंबड्या अंडी देतात आणि जाता-येता प्रत्येक जण माझ्या आरशात भांग पाडतो. मित्रांनो, चित्रकलेच्या तासाला गाडी काढायला सांगितली, तर तुमच्यापैकी कोणी माझ्यासारखी काढतं का? खरं सांगा. तुम्ही काढता ती लाल, बसकी, जमिनीला पोट टेकवून पळणारी. मला लोक डबा म्हणतात. म्हणोत बापडे. रागवून काय होणार आहे?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. वेल्डिंगच्या ठिणग्या आणि ओल्या रंगाचा वास तेवढा आठवतो. माझ्या पुढे आणि मागे हुबेहूब माझ्यासारख्याच गाड्या रांगेत होत्या, त्यामुळे आपण कोणी खास आहोत असा गैरसमज मला लहानपणीसुद्धा झाला नाही. पहिली काही वर्षं मी यवतमाळच्या एका केटररकडे काढली. वरणाची गंजं-पातेली, बुंदीच्या पराती, भाड्याच्या खुर्च्या, सगळं वाहिलं. एकदा माझ्या पोटात पाक सांडला, तर उन्हाळाभर मुंग्यांनी मला घर केलं. पुढे त्याने मोठा टेम्पो घेतला आणि मला जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात आणून लावलं.

माझ्या शेजारी ती उभी होती. लाल. दोनच दारं, रुंद टायर, आणि आवाज असा की चालू केली की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. गिऱ्हाईक यायचं, तिच्याभोवती दोन फेऱ्या मारायचं आणि माझ्यावर हात टेकवून तिच्याकडे बघत बसायचं. मी टेकायच्या कामाची होते.

एका दुपारी बादल आला. तो या तांड्यावरचा कापूस-तुरीचा शेतकरी. गाडी चालवण्याचं त्याला वेड होतं. कुठे जायचं म्हणून नव्हे, नुसतं चालवायचं म्हणून. त्याच्याकडे एक उघडी जीप होती. उन्हाळ्यात तलाव आटला की त्याच्या कोरड्या पात्रात आजूबाजूची पोरं गाड्यांची शर्यत लावत. दोन-दोन गाड्या एकदम सोडायच्या. खड्डे, चढ, टँकरने पाणी ओतून केलेला चिखल, सगळं पार करून जो आधी पोचेल तो जिंकला. बैलजोड्यांच्या शर्यतीला इकडे शंकरपट म्हणतात, म्हणून लोक ह्याला गाड्यांचा पट म्हणत. त्यात बादलचं नाव होतं. आणि हे वेड आलं होतं बापाकडून. त्याचे वडील देवीलाल तरुणपणी शंकरपटात बैल हाकायचे. बादलची जीप सुटली की म्हातारा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभा राहून असा ओरडायचा, की घसा बसून दोन दिवस बोलणं बंद.

पण देवीलालच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिसला न्यायचं ठरलं. पहिल्या वेळी बादलने जीपमधून नेलं. येताना म्हाताऱ्याने दांडा धरून वाटभर ओकाऱ्या काढल्या, आणि हाताला जिथे सुया टोचल्या होत्या तिथून पुन्हा रक्त आलं. नंतर एसटीने नेऊन पाहिलं. उभ्यानेच यावं लागलं. म्हणून घरासाठी गाडी घ्यायची होती, म्हाताऱ्याला नेता-आणता येईल अशी. घरची चौघंही आली होती: बादल, त्याची बायको जमनी, आई धनीबाई आणि स्वतः देवीलाल.

धनीबाई आवारातल्या प्रत्येक गाडीत मांडी घालून बसून आली. मांडी बसत नसेल तर ती गाडी नापास. देवीलालने बैलाचे दात पाहावेत तशी सगळ्यांची बॉनेटं उघडायला लावली. माझं पाहून नुसतं हुं केलं. लाल गाडीचं पाहून मात्र तो वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. बादलने लाल गाडी रस्त्यावर नेऊन आणली. परतला तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता, की त्यानंतर इतकी वर्षं मी त्याच्याजवळ काढली, पण तसा चेहरा पुन्हा बघायला मिळाला नाही. तो जमनीला समजावत होता की पुढची सीट मागे पडते, बा आडवा होईल, आणि अर्ध्या वेळात घरी पोचू. म्हाताऱ्याला तिच्यात बसवून पाहिलं. डोकं टपाला लागलं, गुडघे छातीशी आले, आणि बाहेर काढायला दोघं लागले.

 जमनीने माझं दार सरकवलं, मधल्या सीटवर आपली शाल अंथरली आणि सासऱ्याला आत झोपवलं. तो उंच माणूस, पण मावला. त्याने डोळे मिटून एक श्वास सोडला, तो मला अजून आठवतो. मग पडल्या पडल्याच तो म्हणाला, "बादल, लाल घे. मी बसतो जमन तसा. तुहं वय हाय पळवायचं. माहं काय राह्यलं आता?"

बादल लाल गाडीकडे बघत होता. "तू पडून राह्य, बा," तो म्हणाला. "हेच घेऊन राह्यलो."

अशी मी घरात आले. जीप बादलचा मित्र अमरसिंग याने विकत घेतली. त्याचं नेरला गॅरेज आहे. ती गेली त्या दिवशी बादल मला धुवत होता. नीट, काळजीने धुतलं. पण घरच्या भांड्यासारखं धुतलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? नवरदेवाने दुसरीच मनात धरून लग्न केलं, तर नवरीला कळत नाही का?

मग आमचं जाणं-येणं सुरू झालं. मित्रांनो, गाडी जोरात चालवायला कसब लागतं, हे मी ऐकून होते. हळू चालवायला किती लागतं, ते मी बादलकडून शिकले. डायलिसिस करून आलेला माणूस पिळून काढलेल्या कापडासारखा होतो. धक्का बसला की त्याच्या पोटात ढवळतं, हात ठणकतो. बादलने त्या रस्त्यावरचा खड्डान् खड्डा पाठ केला. खड्ड्याच्या कितीतरी आधी त्याचा पाय ब्रेकवर जायचा, पुढचं चाक अलगद उतरायचं, मग मागचं. गतिरोधकावरून मी गेले तरी जमनीच्या मांडीवरच्या गिलासातलं पाणी हलायचं नाही. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून शिव्या द्यायचे. तांड्यावरची पोरं विचारायची, गाडी चालवतोस का पाळणा हलवतोस? तो हसायचा. कौतुक काय ते म्हाताऱ्या बायकांनी केलं. बादलच्या गाडीत बसलं की झोप लागते म्हणायच्या. लग्नाला, बाजाराला माझ्यातूनच जायचं म्हणून हटून बसायच्या. मला बरं वाटायचं. बादलला काय वाटायचं, ते त्याने कधी दाखवलं नाही. उन्हाळ्यात तलावाकडून गाड्यांचा आवाज आला की तो उठून घरात जायचा.

देवीलालला हे दिसत होतं. मधल्या सीटवर पडून तो आरशातून लेकाचा चेहरा बघायचा. आपल्यापायी पोराचं पळणं बंद झालं, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

मग तो दिवस आला. कापूस वेचणीचे दिवस होते, म्हणून जमनी शेतात होती. माझ्यात दोघंच, बाप आणि लेक. परतीच्या वाटेवर एक सरळ, नवा डांबरी पट्टा लागतो. तिथे म्हाताऱ्याने विचारलं, "बादल, रस्ता मोकळा हाय का रे?"

"हाय, बा."

"मंग एक डाव पळव ना. पाहू तरी हे कशी पळते."

देवा रे! इतक्या वर्षांत ही कशी पळते असं कोणी विचारलं नव्हतं. माझं इंजिन काही फार मोठं नाही, पण त्या पट्ट्यावर मी पळून दाखवलं असतं. सगळे नटबोल्ट खिळखिळे झाले असते तरी मी पळाले असते. मी वाट बघत होते.

बादल म्हणाला, "घरी पोचू दे, बा. हात दुखन तुहा."

म्हातारा बरं म्हणाला. खिडकीवरच्या कडीला तो नेहमी चांगल्या हाताने धरून असायचा. थोडं पुढे गेल्यावर तो हात सुटला. मला कळलं. बादलला कळलं नाही. बापाला झोप लागली असं वाटून त्याने वेग आणखी कमी केला. गावातून येताना एकदाही हॉर्न वाजवला नाही, झोपमोड नको म्हणून. तांड्यावर येऊन, माझं दार अगदी आवाज न करता सरकवलं, तेव्हा त्याला कळलं.

डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय थकलं होतं. पळवली असती तरी आणि नसती पळवली तरी, तेच झालं असतं. घरच्यांनी ते पुन्हा पुन्हा बादलला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

त्यानंतर माझं काम संपलं. कुरड्या, कोंबड्या, भांग पाडणारे, ते सगळं तेव्हापासूनचं. पण मला माझं दुःख नव्हतं. बादल कोणाशी बोलेना. शेतात जायचा, यायचा, जेवायचा. धनीबाई म्हणायची, नवऱ्याला तर मी जाळून आले, पण हा पोरगा जिता असून घरात नाही. जमनीला एकच आशा होती, की तो पुन्हा तलावावर जाईल. आता कोणी अडवणारं नव्हतं. तिनेच नेरला जाऊन अमरसिंगला सांगितलं. उन्हाळा लागला, तलाव आटला, तसा अमरसिंग येऊन म्हणाला की जीप तयार आहे, या वेळी तू चालवायची. बादल नाही नाही म्हणत होता. पण धनीबाईने डोळ्यांत पाणी आणलं, तेव्हा तो उठला.

मीच सगळ्यांना तलावाच्या पाळीवर घेऊन गेले. तिथून सगळं पात्र दिसत होतं. बादल जीपमध्ये बसला, आणि निशाण पडताच ती अशी सुटली की धुराळ्यात दुसरी गाडी दिसेनाच. लोक उभे राहिले. धनीबाईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आला. बादल परत आला.

पहिला खड्डा आला आणि जीपचे मागचे लाल दिवे लागले. पुढचं चाक अलगद उतरलं. मग मागचं. तो पुन्हा निघाला, पुन्हा खड्डा, पुन्हा दिवे. दुसरी गाडी चिखल उडवत केव्हाच पुढे गेली. लोक आधी ओरडले, मग हसायला लागले. कोणीतरी वरात चालली का म्हणून शिट्टी मारली. बादलने एकेक खड्डा तसाच हळूच पार केला, आणि रिकाम्या झालेल्या शेवटच्या रेघेवर येऊन थांबला. अमरसिंगने त्याला एकट्यालाच पुन्हा एक फेरी मारायला लावली. तेच झालं.

तो वर आला, तेव्हा अमरसिंगने विचारलं, "ब्रेक कायले मारून राह्यला होता बे?"

"मी नाही मारत. पायच मारते," बादल म्हणाला. किल्ली त्याच्या हातात देऊन म्हणाला, "मागं कोणी झोपून हाय, असंच वाटते मले. पुढच्या डाव मले नको बलावू."

अमरसिंगने किल्ली खिशात टाकली. बादल माझ्यात येऊन बसला. धनीबाई पुढे त्याच्या शेजारी बसली. जमनी थोडा वेळ माझ्यापाशी उभी राहिली. देवीलाल गेल्यापासून माझ्या मधल्या सीटवर कोणी बसलं नव्हतं. तिने दार सरकवलं, आत आली आणि त्या सीटवर पाय पोटाशी घेऊन आडवी झाली.

"चाला," ती म्हणाली. "हळू घ्या. मी झोपून हाय."

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी आपली कथा सांगून झाली की शेवटी उपदेश करायचा असतो. तेलपाणी वेळेवर करा, आजारी माणसाची काळजी घ्या, वगैरे. पण बादलने ते सगळं केलं होतं. त्याच्याइतकी काळजी घेणारा माणूस मी पाहिला नाही, आणि त्या काळजीनेच त्याला खाल्लं. मग तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू? फक्त एवढं करा. कधी या बाजूला आलात आणि पुढे एखादी पांढरी गाडी मोकळ्या रस्त्यावरही उगाच सावकाश चाललेली दिसली, तर हॉर्न वाजवू नका. बाजूने निघून जा.