जवसाच्या तेलाचं टेबल

साल चौऱ्याहत्तर. नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद होता आणि अख्खं गाव मोठा वळसा घालून पलीकडे जात असे, म्हणून त्या पिढीतलं कोणी ते वर्ष विसरलेलं नाही. पॉलिशवाल्या मिस्त्रीच्या बायकोच्या मात्र ते वेगळ्याच कारणानं लक्षात राहिलं. माणसं दुखण्यातून उठतात तसा तिचा नवरा त्या वर्षी दारूतून उठला.

मिस्त्रीचा हात म्हणजे हात होता. स्पिरिटमध्ये चपडा लाख विरघळवायची, कापसाची पुरचुंडी त्यात बुडवायची आणि लाकडावर फिरवायची. एवढंच काम, पण त्यानं केलेल्या कपाटाच्या दारात बघून बायकांनी केस नीट करावेत. फर्निचरचा कारखाना तिच्या थोरल्या भावाचा. त्याला सगळे दादाच म्हणत. खुर्च्यांच्या गाद्यांची कव्हरं ती घरी बसून शिवायची. म्हणजे माहेर काय आणि सासर काय, दोन्ही एकाच लाकडावर उभं.

दारू आधी सणासुदीसारखी आली, मग रोजची झाली, मग सकाळचीही झाली. आणि एक दिवस बाहेर मिळाली नाही तेव्हा मिस्त्रीनं पॉलिशच्या डब्यातलं स्पिरिट पाणी घालून घेतलं. ते विषच. डोळ्यांपुढे धुकं आलं, माणसं ओळखू येईनात. दवाखान्यात नेऊन टाकला तेव्हा ती बाहेरच्या बाकावर बसून फक्त एकच गोष्ट मागत होती, की याला दिसू दे. दिसायला लागलं. पुढे दादा म्हणायचा, "आंधळा व्हायचा तो नुसता शहाणा झाला. सौदा वाईट नाही."

डॉक्टर म्हातारे आणि फटकळ होते. अंगातलं कापरं थांबेपर्यंत त्यांनी मिस्त्रीला घरी सोडलं नाही, आणि सोडताना दोघांना समोर बसवलं.

"दारू सुटली, आता तिची जागा रिकामी राहील," ते म्हणाले. "रिकाम्या घरात भुतं शिरतात. प्यायची ठरलेली वेळ कोणती?"

मिस्त्रीनं मान खाली घालून सांगितलं की संध्याकाळी, कारखान्याचं दार लागलं की.

"मग त्या वेळी पोटात अन्न आणि हाताला काम पाहिजे. तेवढं सांभाळा. मोठ्या शपथा घेऊ नका, त्या मोडायलाच असतात."

तिनं हे औषधाच्या पुडीसारखं पदरात बांधून घेतलं. तिची चूल आता दुपार कलतानाच पेटू लागली. कारखाना बंद व्हायच्या आधी ती गरम जेवणाचा डबा घेऊन तिथे हजर. शेजारणी हसायच्या, म्हणायच्या, हिच्याकडची भांडी सूर्य मावळायच्या आधी घासून होतात, बहुतेक कोंबड्यांबरोबर निजतात दोघं. ती म्हणायची, कोंबड्यांना कधी दारू प्यायलेलं पाहिलंय का.

घरी परतायची वाटही बदलली. जुन्या वाटेवर गुत्ता होता, आणि मिस्त्रीच म्हणायचा की माझ्या डोक्यापेक्षा माझ्या पायांना तो जास्त पाठ आहे. सोबतीला शेजारचे पोस्टमनकाका मिळाले. काका निवृत्त झाले होते, पण पाय घरात बसेनात, म्हणून रोज संध्याकाळी ते आपला टपाल वाटायचा जुना रस्ता रिकाम्या हातांनी फिरून यायचे. त्यांनी मिस्त्रीला बरोबर घेतलं. कुठल्या दारात कुठला कुत्रा, कुठल्या घरात कोणाची पत्रं यायची थांबली, सगळं सांगत चालायचे. एकदा वळणावर मिस्त्रीची पावलं आपोआप गुत्त्याकडे वळली. काका ओरडले नाहीत. "अरे, त्या गल्लीत माझी कधी डिलिव्हरी नव्हती," एवढंच म्हणून सरळ चालत राहिले. मिस्त्री क्षणभर उभा राहिला आणि त्यांच्या मागे गेला. घरी येऊन काकांनी हे तिला सांगितलं, मिस्त्रीच्या देखत, म्हणजे चुगली नको.

सगळं गोड नव्हतं. मिस्त्री चिडायचा. झोप उडाली की पांघरुणाशी भांडायचा. जिभेला काहीतरी हवं म्हणून पेपरमिंटच्या गोळ्या चघळून दाताला कीड लागायची वेळ आली. पण सकाळी उठून तो अंगण झाडायचा, स्वतःच्या अंथरूण-पांघरुणाची घडी स्वतः करायचा. ती खिडकीतून बघायची आणि बोलायची नाही. बोललं की दृष्ट लागते, असं तिला वाटे.

खरा पेच कामाचा होता. दादानं स्पिरिटचा डबा कुलपात ठेवला होता. पॉलिशचा मिस्त्री आणि पॉलिशला शिवायचं नाही, म्हणजे सोनारानं सोनं लांबून बघायचं. त्याला नुसतं लाकूड घासायला बसवलं. ज्याच्या कामाला लोक लांबून यायचे तो माणूस दिवसभर पॉलिश पेपर ओढत बसे आणि कोणाच्या नजरेला नजर देत नसे.

मग वाचनालयाचं टेबल आलं. बारा माणसं बसतील एवढं लांब, सागाचं. मिस्त्री त्याच्यावरून हात फिरवत म्हणाला की याला चपडा लावायचाच कशाला. त्याच्या लहानपणी त्याचे उस्ताद जवसाचं तेल मुरवायचे. नव्या लाकडाला रोज थोडं तेल, रोज घासायचं, जास्तीचं पुसायचं. मुरत गेलं की आठवड्यानं, मग महिन्यानं, पुढे वर्षातून एकदा, पण वर्षातून एकदा मात्र जन्मभर. त्यात स्पिरिटचा थेंब लागत नाही.

दादाला हे काही रुचलं नाही. गिऱ्हाईक चकाकी बघतं, मुरणं बघत नाही, असं त्याचं म्हणणं. शेवटी बहिणीच्या तोंडाकडे पाहून तो कबूल झाला, पण जे म्हणाला ते तिला टोचलं.

"पाहुणे, हे टेबल जमलं तर उत्तम. नाही जमलं तर दुसरीकडे काहीतरी बघू या. नात्यावर कारखाना चालत नाही."

दुसरीकडे म्हणजे कुठे, हे त्याला ठाऊक नव्हतं, तिला नव्हतं आणि मिस्त्रीला तर नव्हतंच. दुसरं त्याला काही येतच नव्हतं.

दार लागायची वेळ झाली की मिस्त्री डबा खायचा आणि टेबलाला तेल चोळायला घ्यायचा. ती समोर बसून कव्हरांच्या कडा शिवायची. तेलाचे बोळे गोळा करून ठेवले की आपोआप पेट घेतात, म्हणून ती ते घरी नेऊन दोरीवर एकेक सुटं वाळत घालायची. शेजारणींना नवं खाद्य मिळालं, की मिस्त्रीणबाईंच्या दोरीवर लक्तरांचं तोरण लागलंय. तिला त्या लक्तरांचा अभिमान होता. प्रत्येक बोळा म्हणजे एक गेलेली संध्याकाळ.

टेबल दिसायला मात्र मंद होतं. तेल सुरुवातीला तसंच दिसतं. वाचनालयाच्या बाई बघायला यायच्या आदल्या दिवशी मिस्त्री डॉक्टरांकडे तपासणीला गेला, आणि दादाचा धीर सुटला. त्यानं कुलूप काढलं, चपड्याचा एक हात टेबलावरून मारला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा निरोप आला म्हणून डबे तिथेच टाकून निघून गेला. न वाळलेल्या तेलावर चपडा धरत नाही, हे चपड्यात केस पांढरे केलेल्या माणसाला कळायला हवं होतं. पण घाईनं त्याला आंधळं केलं होतं.

संध्याकाळी ती डबा घेऊन आली तेव्हा मिस्त्री तिच्या आधी पोचला होता. कारखान्यात दुसरं कोणी नव्हतं. टेबलावर दुधाळ डाग पडले होते, कडेला सालपटं निघून सुरकुत्या आल्या होत्या. आणि बाजूच्या बाकावर स्पिरिटचा डबा, बूच काढलेला. तो वास तिच्या नाकात गेला आणि दवाखान्यातला बाक तिला आठवला. मिस्त्री डब्याकडे बघत उभा होता.

तिला धावत जावंसं वाटलं. पण एक मन म्हणत होतं की आज मी धावले तर रोज धावावं लागेल.

"आलीस का," तो न वळता म्हणाला. "अगं, त्याला बूच लाव आणि बाहेर नेऊन ठेव. मी हात लावणार नाही."

तिनं बूच लावलं. डबा अंगणाच्या पार टोकाला ठेवून आली. परत आली तोवर त्यानं सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या आणि खाली बसून तोंड धूत असल्यासारखे दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवत होता.

"हे पुसायला स्पिरिटच लागतं का हो?" तिनं भीत भीत विचारलं.

"स्पिरिटनं लवकर निघतं," तो म्हणाला. "पात्यानंही निघतं. आधी जेवू दे."

तो जेवला. सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. मग त्यानं पोलादी पातं घेतलं आणि टेबल खरवडायला लागला. एक पातं तिच्याही हातात दिलं, कसं धरायचं ते दाखवलं. पोस्टमनकाका फिरायला बोलवायला आले आणि बघून तेही बाहेरच्या पायरीवर बसून राहिले. आज डिलिव्हरी इथेच आहे, म्हणाले.

सकाळी वाचनालयाच्या बाई आल्या तेव्हा समोर उघडं, खरवडलेलं लाकूड होतं. दादाचा चेहरा पडला होता. तो काहीतरी लाकडाच्या दोषाचं सांगायला लागला, तेवढ्यात मिस्त्री पुढे आला.

"बाई, टेबल झालेलं नाही. पहिल्यापासून करावं लागेल. चकाकणारं पॉलिश लवकर होतं, पण त्यात स्पिरिट असतं. मी दारुडा आहे. सोडलीय. त्या डब्यापाशी मला उभं राहता येत नाही."

आपला नवरा हा शब्द स्वतःबद्दल परक्या माणसासमोर उच्चारेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिला लाज वाटायला हवी होती. पण तिची मान ताठ झाली.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तेलाचं किती दिवस टिकतं?"

"दरवर्षी एकदा हात लावला तर आपल्या दोघांच्याही पुढे."

"मग लावायला तुम्हीच याल?"

"येईन."

"तर थांबू या," बाई म्हणाल्या. "पुस्तकं कुठे पळून चाललीत."

त्या गेल्यावर दादानं अंगणातला डबा उचलला आणि स्वतःच्या घरी नेऊन ठेवला. चपड्याचं काम पुढे तो घराच्या मागच्या पडवीतच करून घेई. आपली चूक झाली असं त्यानं तोंडानं कधी म्हटलं नाही. पण त्यानंतर 'नात्यावर कारखाना चालत नाही' हेही तो कधी म्हणाला नाही. तेलाच्या कामाला पुढे गिऱ्हाईक लागलं, तेव्हा ती कल्पना आपलीच होती असं तो सगळ्यांना सांगे. कोणी त्याला खोडलं नाही.

पोस्टमनकाका पाय थकेपर्यंत फिरले. ते गेले तोवर त्या रस्त्यावरचे कुत्रे मिस्त्रीच्या ओळखीचे झाले होते. डॉक्टरांनी शेवटपर्यंत मिस्त्रीचं कौतुक केलं नाही, फक्त भेटला की विचारायचे, जेवलात का.

मिस्त्री मध्ये एकदा घसरला. त्याची आई गेली त्या आठवड्यात. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच डॉक्टरांकडे गेला, आणि त्याच संध्याकाळी डबा खाऊन कामाला बसला. त्यानंतर मात्र कधी नाही. म्हातारा होऊन, आपल्या अंथरुणात, स्वच्छ डोळ्यांनी गेला.

बाई निवृत्त झाल्या. वाचनालय नव्या इमारतीत गेलं, टेबल बरोबर गेलं. वर्षातून एकदा मिस्त्रीची बायको तिथे जाते, रिक्षातून हळूहळू उतरते, पिशवीतून जवसाचं तेल आणि जुन्या कव्हरांचं फडकं काढते. वाचणारी पोरं आपले लॅपटॉप उचलून बाजूला होतात. चहाचा कप थेट लाकडावर ठेवलेला दिसला तर ती जे बोलते ते वाचनालयात बोलायला मनाई आहे. आता खांदा दुखतो, टेबल लांब आहे, म्हणून ती अर्धं करून बसते, डबा उघडते, जेवते आणि मग उरलेलं करते.