दारातून शिरलं की डावीकडं

सीमाच्या पहिल्या बाळंतपणात पाचव्या दिवशीच कारखान्याची जीप शिरूरला, तिच्या माहेरच्या दारात येऊन उभी राहिली होती. ऊसतोडणीच्या पाळ्या लावणारा प्रोग्रॅम अडला होता आणि त्यात कुठं काय आहे, हे तो लिहिणाऱ्या सीमाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचा सहकारी सत्यजीत जीपमध्येच बसून राहिला. तिच्या आईनं, भागुबाईनं, पाण्याचा तांब्या पुढं केला, तर म्हणाला, "नको, घाई हाय." बाळाला दुपट्यात गुंडाळून सीमा तशीच राहू गावाच्या पुढं, नदीकाठच्या कारखान्यात गेली.

त्याला तीन वर्षं झाली. आता, दोन हजार सातच्या जानेवारीत, तिला पुन्हा सातवा महिना लागला होता. या खेपेला जीप येऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

कॉम्प्युटर विभागात दोघंच. यवतच्या, पाटसच्या गट कार्यालयांत पडद्यावर जे दिसे, त्यामागचं काम कारखान्यातल्या सर्व्हरवर तीन भागांत चाले: ऊसनोंद, तोडणी आणि वजनकाटा. तिघांनी लिहिलेले तीन भाग, तिन्हींची मांडणी तीन तऱ्हांची. नोंदवाला तर नोकरी सोडून गेला होता. सत्यजीतच्या फोल्डरांची नावं 'नवीन', 'नवीन दोन', 'शेवटचं' आणि 'खरं शेवटचं'. शिवाय त्यानं लिहिलेला काट्याचा भाग गाडीचा नंबर परस्पर सीमाच्या तक्त्यांतून उचलायचा. तिनं एक रकाना हलवला की काट्यावर बैलगाड्यांची रांग लागे. सीमाचं काम नीटनेटकं होतं खरं, पण ते नीटनेटकेपण तिच्या डोक्यात होतं.

"तिन्ही भाग एकसारखे मांडू या," ती म्हणाली.

"चालतंय न्हवं, सीमाताई? मग चालत्याला कशाला डिवचायचं?"

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून दुपारी ती ऊसतोड्यांच्या तळापर्यंत जाई. हवेत रसाचा उबट, गोड वास असे आणि चिमणीतली काजळी इतकी सावकाश उतरे की ती पडते आहे की तरंगते आहे, ते कळत नसे. पाचटाच्या कोप्या, तोडणीवाल्यांची खोपटं, ओळीनं उभ्या होत्या. एकीत कुशाबाई नावाची तोडणीवाली भाकरी थापत होती. दुसऱ्या टोळीतून ती कालच इथं आली होती.

"ही कोपी तुमची?"

"न्हाई वं. धुरपदाची. तापानं फणफणलीया, दवाखान्यात नेलीया. पोरं उपाशी हायती."

"मग पीठ-मीठ कुठं आहे, ते कुणी सांगितलं?"

कुशाबाई हसली. "सांगायचं काय त्यात? समद्या कोप्या सारख्याच. दारातून शिरलं की डाव्या अंगाला चूल, उजव्या अंगाला पाणी, म्होरं पेटी. डोळं मिटून सैपाक हुतो."

"आणि पेटीत काय लागलं तर?"

"पेटी जिची तिची, बाई. तिला हात न्हाई लावायचा. दारात हुबं ऱ्हाऊन मागायचं."

सीमा तिथल्याच एका दगडावर बसली. धुरात कोप्यांच्या कडा विरघळत होत्या आणि सगळ्या मिळून एकच लांब घर होत होतं. तिचा डोळा लागला असावा. ती दारामागून दारं ओलांडत गेली. एका चुलीवर गाड्यांचे नंबर रटरटत होते, एका हंड्यात तारखा गार, स्थिर. पोटात बाळानं कूस बदलली तेव्हा ती जागी झाली.

दुसऱ्या दिवशी तिनं कागदावर एक कोपी काढली. प्रत्येक भागाला एकच दार. जी काही मागणी येईल ती तिथूनच. डावीकडं काम आणि कामाचे नियम. उजवीकडं सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टी. समोर पेटी, म्हणजे त्या भागाचे स्वतःचे तक्ते. ते दुसऱ्यानं उघडायचे नाहीत. नावंही तिन्हीकडं तीच.

सत्यजीतनं कागद उलटासुलटा केला. "आता सर्व्हरवर कोप्या घालायच्या व्हय?"

"हो. आधी माझीच मोडते."

चार वर्षं जपलेला तोडणीचा भाग तिनं खरोखरच मोडला आणि पुन्हा बांधला. सत्यजीत दोन दिवस नुसता बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं 'खरं शेवटचं' उघडलं. कारखाना साफसफाईला थांबे, तेव्हा एकेक नवा भाग चालू होई. मार्चअखेर सीमा शिरूरला गेली.

बाळ बारा दिवसांचं झालं. भरदुपारी दोघं गुंगीत होती आणि त्या गुंगीतच जीपचा आवाज आला. सीमा धडपडत उठून बसली. दारात सत्यजीत.

"काय अडलं?"

"अडलं व्हतं, परवा. पाळी उलटी लागाय लागली."

"मग? मला फोन—"

"कशाला? दारातून शिरलो, डावीकडं वळलो. चूलच कलंडली व्हती, सरळ केली."

"पेटी?"

"हात न्हाई लावला. दारात हुबं ऱ्हाऊन मागितलं," तो म्हणाला. "आज इकडं दुसरंच काम व्हतं. म्हटलं, बाळ बघून जावं."

भागुबाई पाणी द्यायला उठू लागली.

"बसा, आई. मी घेतो की."

त्यानं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, आत आला आणि उजव्या अंगाला वळला. माठ तिथंच होता. एक तांब्या पिऊन त्यानं दुसरा भरून घेतला.