स्कॅनर जागा झाला तेव्हा

फोटो स्टुडिओवाल्या वहिनीला सगळी गल्ली वहिनीच म्हणायची. त्या शुक्रवारी तिच्या नऊ वर्षांच्या कॉम्प्युटरने पडद्यावर पाटी झळकवली, की या विंडोजला यापुढे सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, आणि नवी विंडोज या मशीनवर चालणार नाही.

"भंगारात काढा," दुरुस्तीवाला म्हणाला. "नवा घ्या, सुटाल."

वहिनीला ते पटेना. मशीन धडधाकट होतं, फक्त वय झालं होतं. वय झालं म्हणून टाकायचं ठरवलं, तर या घरात पहिला नंबर आपलाच लागेल, असं ती त्याला सुनावून आली.

रविवारी सकाळी नणंद आली. ग्रंथालयात नोकरी, पन्नाशी उलटलेली, तरी माहेरी अजून चिमीच. पिशवीतून तिने नवी, वेगवान एसएसडी डिस्क, रॅमची एक पट्टी आणि एक पेनड्राइव्ह काढला.

"वहिनी, आमच्याकडचे बारा म्हातारे कॉम्प्युटर विंडोजऐवजी फुकटच्या लिनक्सवर टुणटुणीत पळतायत."

"पण माझं फोटो छापायचं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे, चिमे. रंग बिघडले तर गिऱ्हाईक फोटो तोंडावर फेकेल."

"लगेच बसवायचं कोण म्हणतंय? पेनड्राइव्हवरूनच चालवून बघू. नाही आवडलं तर काढून टाकू. तुझं जुनं जिथल्या तिथे."

दोघींनी कॉम्प्युटरचा डबा उघडला, नऊ वर्षांची धूळ झटकली आणि आळीपाळीने शिंकल्या. रॅमची पट्टी कट्कन बसली. पेनड्राइव्ह लावून बटण दाबलं. एरवी पडदा यायच्या आत तिचा चहा पिऊन व्हायचा. आज कपाला हात लावेपर्यंत समोर निळा, स्वच्छ पडदा हजर.

छपाईचं सॉफ्टवेअर मात्र चालेना. वहिनीचा चेहरा उतरला.

"आणि तो?" चिमीने कपाटावर बोट दाखवलं. तिथे निगेटिव्ह स्कॅन करायचा जाडजूड स्कॅनर कापडाखाली पडून होता.

"तो गेला गं. मागच्या वेळी विंडोज बदलली, तेव्हापासून कॉम्प्युटर त्याला ओळखच देत नाही. कंपनीने पुढे त्याला चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रामच काढला नाही."

"लिनक्समध्ये जुन्या यंत्रांचे ड्रायव्हर असतात कधी कधी," म्हणत चिमीने तो खाली उतरवला, पुसला, वायर जोडली. क्षणभर काही नाही. मग यादीत त्याचं नाव उमटलं, आतला दिवा पेटला आणि ओळखीची घरघर सुरू झाली. वहिनी खुर्चीतून उठलीच.

"थांब, थांब, हलू नकोस," असं तिने कुणाला सांगितलं, तिचं तिलाच ठाऊक. धावत जाऊन तिने सासऱ्यांचा निगेटिव्हचा डबा आणला. असे अकरा डबे घरात होते, सगळे सासऱ्यांनी स्टुडिओ चालवला त्या वर्षांचे.

पहिल्या पट्टीत लग्नाचा घोळका निघाला, दुसरीत कुणाचं तरी बाळ. तिसरीत स्टुडिओच्या दारात उभे असलेले सासरे, पोट धरून हसणारे, डोकं कपाळापासून वर कापलेलं.

वहिनी बघतच राहिली. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या त्या माणसाचा ओळखपत्रावरचा तेवढा एक फोटो घरात होता.

"हा मी काढलाय," चिमी हळूच म्हणाली. "सात वर्षांची होते. बाबा म्हणाले, फुकट गेला."

"अर्धं डोकं उडवलंस, मग काय म्हणतील?"

दोघी हसत सुटल्या. हसता हसता चिमीने ओढणीने डोळे टिपले.

"पण जपून ठेवलाय बघ त्यांनी," वहिनी म्हणाली.

मग वहिनीनेच निकाल दिला. नव्या एसएसडीवर लिनक्स बसवायचं, स्कॅनिंग आणि इंटरनेट त्यावर. जुनी डिस्क विंडोजसकट कॉम्प्युटरच्या डब्यातच राहील, फक्त छपाईपुरती, इंटरनेट बंद करून. सुरू करताना कॉम्प्युटर विचारेल, आज कुणाकडे जायचं.

"म्हणजे सासरही, माहेरही," चिमी म्हणाली.

दुपारचं जेवण दोघींच्या लक्षातच राहिलं नाही. चार वाजेपर्यंत सदतीस फोटो झाले, तेव्हा कुठे चिमीने घरी फोन केला. मुक्काम इथेच आहे, वाट बघू नका, एवढं सांगून तिने फोन ठेवला. तोवर वहिनी दुसरा डबा उघडून बसली होती.